अंगणातलं वावर : शेणाच्या गवळणी आणि धुऱ्यावरची झाडं

 हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायला बसलात, बरं वाटलं. कुणाच्या भाकरी अजून व्हायच्या असतील तर त्यांनी थापत थापत ऐकावं. आमचं आजचं बोलणं तसं चुलीजवळचंच आहे.

आज आम्ही इतिहासावर बोलणार आहोत. इतिहास म्हटला की आपल्याला शाळेतलं पुस्तक आठवतं. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. त्यात आपली आजी कुठं नसते. पण आपल्या आजीनंही एक इतिहास मांडून ठेवला होता. तो कागदावर नव्हता. तो दरवर्षी दिवाळीत अंगणात शेणानं मांडला जायचा आणि चार-पाच दिवसांनी मोडला जायचा. आम्ही बोलतोय ते शेणाच्या गवळणींबद्दल, आणि त्या गवळणींच्या भोवती जी झाडं, गवतं, मुळं रोवली जायची त्यांच्याबद्दल.

मराठवाड्यात ही रीत जुनी आहे. कुणाकडे वसुबारसेपासून, कुणाकडे नरकचतुर्दशीपासून गवळणी घालतात. कुणी पाडव्याला थांबतात, कुणी भाऊबीजेपर्यंत चालू ठेवतात. काही घरांत यांनाच पांडव म्हणतात. घराघराची रीत वेगळी, पण मांडणी पाहिली की ओळख पटते. पहाटे सडा पडतो. ताज्या शेणाचा गोळा घेऊन बाई अंगणात बसते. आधी चार बोटं उंचीची एक भिंत फिरवते, तो गोठा किंवा वाडा. मग एकेक गवळण उभी राहते. एकीच्या डोक्यावर घागर, एक ताक घुसळणारी, एक जात्यावर बसलेली, एक लेकरू कडेवर घेतलेली. मधे कृष्ण, जवळ पेंद्या, गाई-वासरं, चूल, उखळ, पाटा-वरवंटा, रांजण. पाडव्याच्या दिवशी बळीराजा. एका कोपऱ्यात शेणाचा ढीग असतो, तो गोवर्धन डोंगर.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुसतं शेण म्हणजे गाव नव्हे. झाडाशिवाय गाव कसं दिसेल? डोंगरावर गवत हवं, विहिरीजवळ सावली हवी, वाड्यामागं परसू हवा. म्हणून शेणकाम व्हायच्या आधी लेकरांना धुऱ्यावर पिटाळायचे. आघाडा आणा, कुरडू आणा, तरवडाची पिवळी फुलं आणा, ओढ्याच्या कडेचा लव्हाळा आणा. लव्हाळा दोन कामांना यायचा. गाई-म्हशींना ओवाळायच्या दिवट्या त्याच्याच विणायच्या आणि उरलेल्या काड्या गवळणींच्या तळ्याकाठी रोवायच्या.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या बायांनी झाडं उगीच खोचली नाहीत. त्यात हिशोब होता. मोजपट्टी न लावता केलेला, पण पक्का हिशोब.

समजा गवळण चार बोटं उंच आहे. खरी बाई पाच फुटांची. म्हणजे वीस फुटांचं लिंबाचं झाड तिच्याशेजारी सोळा बोटांचं पाहिजे. एक वीत म्हणजे बारा बोटं, तर झाड झालं वीत आणि वर चार बोटं. उंची जमली तरी अजून भागत नाही. पानाचाही मेळ बसला पाहिजे. तिथं जर खऱ्या लिंबाची डहाळी लावली, तर तिचं एकेक पान गवळणीच्या तोंडाएवढं होतं, आणि मग ते झाड न दिसता डहाळी दिसते. म्हणून मोठ्या झाडाच्या जागी मोठ्या झाडाची फांदी कधीच चालत नाही. बारीक पानाचं, बारीक फुलाचं लहान रोप लागतं. शेपूला बी धरलं की वर छत्री फुटते. ती वाळवून रोवली तर माळावरच्या छत्रीसारख्या बाभळीगत दिसते. धन्याचंही तसंच. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या ओळीनं लावल्या की उंच झाडांची रांग होते. शतावरीची नाजूक फांदी लांबून चिंचेसारखी भासते. कुरडूचा तुरा कागदासारखा कोरडा असतो, त्यामुळे झेंडू दुसऱ्या दिवशी मान टाकतो तरी कुरडू टिकून राहतो.

आणि मुळं. मुळांबद्दल बोललं नाही तर आपल्या कष्टाचा अर्धा भाग सुटेल. ज्वारी कापली, कडबा बांधला, की रानात काय राहतं? धसकटं. वखर फिरला की ती उपटून वर येतात आणि उन्हाळ्यात बाया ती वेचत फिरतात. हरळी आणि कुंद्याच्या काशाही तशाच वेचायच्या. पायाला धसकट लागलं नाही अशी बाई आपल्या गटात तरी एकही नाही. पण हेच धसकट धुऊन, माती झटकून, उलटं करून रोवलं की काय होतं? खोड खाली, मुळ्या वर. पानं गळालेल्या जुन्या झाडासारखं दिसतं, फांद्या अगदी खऱ्या. हरळीच्या काशा त्याच्यावरून खाली सोडल्या की वडाच्या पारंब्या. जे रानात टोचत होतं, तेच अंगणात पाराचं झाड होऊन बसतं. आमच्या गटातली एक म्हातारी म्हणते, रानात त्यानं आम्हाला रडवलं, मग दिवाळीत आम्ही त्याला कामाला लावलं.

धसकटाचं झाड करायची रीत सांगून ठेवतो. वेचताना दोन-चार दाट मुळ्यांची धसकटं बाजूला ठेवा. एक रात्र पाण्यात भिजवा म्हणजे माती सुटते. जुन्या दातवणानं किंवा नारळाच्या शेंडीनं हलकं घासा. सावलीत वाळवा. भर उन्हात टाकलं तर बारीक मुळ्या कडक होऊन तुटतात. फुलाचे तुरे वाळवायचे असतील तर जुडी बांधून उलटी टांगा, म्हणजे देठ सरळ राहतो आणि रंगही फार उतरत नाही.

हे झालं वाळलेल्या झाडांचं. आपल्या बायांनी उगवती झाडंही देखाव्यात आणली. ती कला त्यांच्या हाताला घटस्थापनेनं लावली असावी, असं आम्हाला वाटतं. नवरात्रात वावरातली माती आणून त्यात सात किंवा नऊ धान्यं पेरायची आणि दसऱ्याला वीतभर उगवण बघायची. कोणतं बी दुसऱ्या दिवशी डोळे उघडतं, कोणतं चार दिवस घेतं, कोणत्या दाण्याला जास्त पाणी झालं की बुरशी धरते, हे त्या नऊ दिवसांत कळतं. घरात राखलेलं बियाणं खरं आहे की पोचट, याचीही ती परीक्षाच होती.

तेच शहाणपण महालक्ष्म्यांच्या आराशीत दिसतं. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात. त्यांच्यापुढं धान्याच्या राशी, फराळ, खेळणी आणि पुष्कळ घरांत टोपलीत किंवा परातीत उगवलेलं हिरवं शेत. गहू आठेक दिवसांत बोटभराच्या वर जातो. त्यात मातीची बैलजोडी ठेवली की झालं वावर. यातली एक युक्ती ऐका. हिरवं शेत हवं असेल तर परात उजेडात ठेवायची. पिकाला आलेलं पिवळं शेत हवं असेल तर टोपली पालथी घालून अंधारात वाढवायचं. उजेड नाही मिळाला की पानात हिरवा रंग भरत नाही. घटातली उगवण पिवळी दिसते ती याच कारणानं. शाळेत हे विज्ञानाच्या तासाला शिकवतात. आपल्या सासवांनी ते देव्हाऱ्यापुढं बसून शिकलं होतं.

पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात, तिथंही हेच. दगड-माती रचायची, वर भिजवलेलं गोणपाट टाकायचं आणि मोहरी, अळीव, नाचणी शिंपडायची. दोन-तीन दिवसांत अळीव उगवतो आणि किल्ल्यावर जंगल होतं. चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला ज्या आराशी होतात, त्यातही वाटीत उगवलेली मेथी किंवा अळीव बाग म्हणून मांडतात. लातूर-धाराशिवकडे, आणि त्या बाजूला लागून असलेल्या आपल्याकडच्या काही गावांत, वेळ अमावस्येला रानात कडब्याची कोपी उभारतात. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, त्यांची पूजा होते, आंबील-भज्जीचं जेवण होतं. ती कोपीही खऱ्या खोपीचं लहान रूपच.

तर बायांनो, जिकडं बघावं तिकडं आपल्या हातानं लहान जग मांडलेलं आहे. मग याला नाव काय? आपण देखावा म्हणतो, आरास म्हणतो, मांडणी म्हणतो. बाहेरच्या जगात याच्यासारख्या कामाला डायोरामा म्हणतात. हा शब्द पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसानं १८२२ साली चालवला. त्याचा डायोरामा म्हणजे मोठ्या पडद्यावर रंगवलेलं चित्र आणि त्यावर बदलता उजेड. लोक तिकीट काढून बघायचे. पुढं हा शब्द संग्रहालयातल्या काचेच्या पेटीला लागला, ज्यात माणसांचे किंवा प्राण्यांचे पुतळे, माती, झाडं आणि मागं चित्र असतं.

असं एक संग्रहालय आपल्या राज्यातच आहे. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेजवळ डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ साली भाऊ दाजींचं नाव दिलं. तिथं मातीचे लहान पुतळे आणि देखावे आहेत. वेगवेगळ्या जातींचे लोक, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे. इंग्रजांच्या काळात लोकांची माहिती म्हणून ते करून घेतलेले. कधी मुंबईला गेलात तर जरूर बघा. मात्र बघताना एक फरक मनात धरा. तिथं आपल्यासारख्या माणसांकडे बाहेरून बघून कुणीतरी देखावा केला. आपल्या अंगणात जी दळत होती तिनंच दळणारीचा पुतळा केला. जिनं घागर वाहिली तिनंच घागरवाली घडवली. त्यामुळं आपल्या गवळणीची मान घागरीखाली किती वाकते, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसरी एक गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ऐकली की आपली वाटेल. शिकागो शहरात फील्ड म्युझियम नावाचं मोठं संग्रहालय आहे. तिथं कार्ल एकली नावाच्या माणसानं हरणांचे चार देखावे केले. चार ऋतू, चार पेट्या. १९०२ च्या सुमारास ते पुरे झाले. हरणं उभी करता आली, पण झाडांचं काय? खरं पान चार दिवसांत सुकून गुंडाळतं. मग खऱ्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात मेण ओतायचं आणि एकेक पान तयार करून फांदीला लावायचं. अशी हजारो पानं लागली. ती करण्यात दिवसचे दिवस कुणाचे गेले? त्याची बायको डेलिया एकली हिचे. नाव मोठं झालं कार्लचं. डायोरामाची गोष्ट निघाली की आजही लोक त्याचंच नाव आधी घेतात. हीच डेलिया पुढं १९२४ साली एकटीच्या हिमतीवर, ब्रुकलिनच्या संग्रहालयासाठी आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली. पान करणाऱ्या हाताला जंगलही ठाऊक होतं.

ही गोष्ट आम्ही गटात सांगितली तेव्हा एकजण पटकन म्हणाली, आपल्याकडं तर गवळणी कुणी केल्या हे लिहायचीच पद्धत नाही. खरं आहे. चार दिवसांनी मोडायच्या वस्तूवर नाव कोण घालणार? पण मोडलेलं सगळंच वाया जात नाही. आमच्याकडं त्या शेणाच्या गोवऱ्या थापून वेगळ्या ठेवतात आणि सणासुदीला चुलीत घालतात.

शेणात काय इतिहास, असं म्हणणाऱ्याला आपण गंगाखेडची आठवण द्यावी. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. तिची एक कथा घरोघर सांगतात. गोवऱ्यांवरून तिचं एका बाईशी भांडण लागलं. कबीर तिला भेटायला आले होते. कोणत्या गोवऱ्या कुणाच्या, हे कसं ओळखायचं? तर कानाला लावून बघा, ज्या गोवरीतून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी, असं जनी म्हणाली. कथा म्हणून ती कथा आहे. पण तिच्या पोटात एक गोष्ट खरी आहे. बाईच्या हातच्या कामाला तिची खूण असते, फक्त कान लावून ऐकणारा पाहिजे.

मग कान लावून ऐकलं तर गवळणींतून काय ऐकू येतं?

पहिलं म्हणजे, कामाची यादी. दळण, कांडण, पाणी, घुसळण, चूल, गुरं, लेकरं. शेतकरी घराच्या हिशोबात ही कामं कधी धरली नाहीत. सातबाऱ्यावर बाईचं नाव नव्हतं, बहुतेक ठिकाणी अजूनही नाही. पण अंगणातल्या वावरात मालक कोण? सगळीकडे बायाच. पुरुष पुतळे मोजून दोन-तीन, तेही देव किंवा राजा.

दुसरं म्हणजे, त्या त्या काळचं रान. पूर्वी ज्वारी इतकी उंच यायची की तिच्यात शिरलेला बैल दिसायचा नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, सीएसएच-१. तो बुटका होता. कडब्याची उंची घटली. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं, पुढं परभणी मोतीसारखे रब्बी ज्वारीचे वाण इथंच तयार झाले. ज्वारी आपल्या जिल्ह्याची ओळख होती. म्हणून देखाव्यातल्या बैलगाड्या ज्वारीच्या धांड्याच्या, धांड्यातलं भेंड म्हणजे चाकं, आणि कणग्यांजवळ राळ्याची, बाजरीची कणसं.

तिसरं म्हणजे, वाईट वर्षं. १९७२ चा दुष्काळ आमच्यातल्या थोरल्या बायांनी लहानपणी पाहिला. बाया-माणसं खडी फोडायला जायची. लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. चारा नव्हता म्हणून गुरं विकली किंवा दुसरीकडं नेली. आमच्या गटातली एक आजी सांगते, त्या दिवाळीला दारात गाय नव्हती, मग शेण कुठलं? तिच्या आईनं रस्त्यावरून ओंजळभर शेण वेचून आणलं. त्यात एकच गवळण झाली. धुऱ्यावर हिरवं काही नव्हतं. आईनं जुनं धसकट आणलं आणि गवळणीशेजारी रोवलं. ना पान ना फूल. लेकरांनी विचारलं, औंदा झाड असं का गं? आई म्हणाली, औंदा झाडं अशीच आहेत. पन्नास वर्षं झाली, आजीला त्या साली काय खाल्लं ते नीट आठवत नाही. पण ते उघडं झाड आठवतं. आता सांगा, याहून खरा दुष्काळाचा पुरावा कोणता?

इथं एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. सगळ्यांच्या अंगणात गवळणी नव्हत्या. ज्यांच्याकडं जनावर नव्हतं त्यांना शेण मागावं लागायचं, आणि ज्या बाया दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण वर्षभर काढायच्या त्यांना स्वतःच्या दारात सडा घालायलाही ते पुरायचं नाही. गवळणींचं कौतुक करताना ते शेण कुणी उचललं, हे विसरू नये.

आता आजचं बोलू. गेल्या वीस-तीस वर्षांत आपलं रान बदललं. खरिपात सोयाबीन आलं, ज्वारी मागं सरली. ट्रॅक्टर आला, बैल गेले, शेण कमी झालं. अंगणात फरशी आली, तिच्यावर शेण चालत नाही म्हणून कुणी पाटावर मांडतं, कुणी प्लास्टिकच्या ताटात. हे सगळं वाईटच झालं असं आम्ही म्हणत नाही. जातं गेलं त्याचं कुणाला दुःख नाही. दळणाची गिरणी आली तेव्हा आपल्या आयांनी सुटकेचा श्वास टाकला. धसकटं वेचायची मजुरी परत यावी, असंही कुणी म्हणणार नाही.

पण धुऱ्याचं दुःख आहे. धुरा कमी झाला, कारण वावराला वावर भिडलं. जो उरला त्यावर तणनाशक पडतं. आघाडा, कुरडू, तरवड, केना, लव्हाळा यांना आपण तण म्हणतो आणि एका फवाऱ्यात जाळतो. त्यांच्या जागी गाजर गवत माजतं. आघाडा महालक्ष्मीला लागतो, हरतालिकेला लागतो. आता तो बाजारातून जुडी विकत आणावा लागतो. गेल्या दिवाळीत आमच्या गटातल्या एकीनं नातीला सांगितलं, जा, तरवडाची फुलं घेऊन ये. पोरगी तासभर फिरली आणि रिकाम्या हातानं आली. तिला तरवड सापडला नाही एवढंच नाही, तरवड कसा असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. आम्ही तिला रागावलो नाही. तिला कुणी दाखवलाच नव्हता.

झाडाची जागा रिकामी राहत नाही. तिथं प्लास्टिकचं झाड येतं, थर्माकोलचा डोंगर येतो. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. तरी उकंड्यावर अजून पांढरे गोळे दिसतातच. थर्माकोलचं झाड दहा वर्षं तसंच राहतं. ते कोणत्या सालचं, कोणत्या रानाचं, पाऊस झाला होता की नव्हता, काही सांगत नाही. आमच्या आजीच्या धसकटानं एका सालाची साक्ष दिली होती. प्लास्टिकचं झाड कोणत्याच सालाची साक्ष देत नाही.

म्हणून आमच्या गटानं तीन कामं ठरवली आहेत. तुम्हाला पटली तर तुम्हीही करा.

पहिलं काम, धुऱ्याचा एक तुकडा. ज्यांच्या घरी वावर आहे त्यांनी चार हात जागा फवारणीतून सोडायची. पिकाला त्रास होणार नाही, बी वावरात जाणार नाही, एवढं बघून. आघाडा, तरवड, कुरडू तिथं राहू द्यायचे. ज्यांच्याकडं वावर नाही त्यांनी शाळेच्या कुंपणाला लावायचे. घरच्या माणसांशी यावरून बोलावं लागेल. एकीच्या नवऱ्यानं आधी हसून नेलं. मग ती म्हणाली, महालक्ष्मीला आघाडा कुठून आणायचा ते तुम्हीच सांगा. चार हात सुटले.

दुसरं काम, वही. गवळणी मांडल्या की मोडायच्या आधी मुलींनी वहीत लिहायचं. कोणत्या सालच्या, कुणी केल्या, कोणते पुतळे, कोणती झाडं, ती कुठून आणली. मोबाइलवर फोटो काढला तरी नावं वहीत लिहायचीच. फोटोत झाड दिसतं, त्याचं नाव दिसत नाही. आजीला विचारून गावातलं नाव लिहायचं, पुस्तकातलं नंतर शोधता येतं. दहा वर्षांच्या वह्या एकावर एक ठेवल्या तर आपल्या रानाचा असा दप्तर तयार होईल, जो तलाठ्याकडं नाही.

तिसरं काम, आजचं आज मांडायचं. गवळणीच घडवल्या पाहिजेत, जातंच केलं पाहिजे असा हट्ट नको. मागच्या साली एका तरुण सुनेनं शेणाची बचत गटाची बैठक केली. दहा बाया गोल बसलेल्या, मधे पेटी. दुसरीनं पाण्याचा टँकर केला आणि त्याच्यापुढं घागरींची रांग. थोरल्या बाया आधी कुरकुरल्या. मग एकीनं उठून टँकरशेजारी वाळकं धसकट रोवलं आणि म्हणाली, टँकर येतो तिथं झाड असंच असतं. कुणी काही बोललं नाही. बैठकीशेजारी मात्र कुरडूचे तुरे लावले.

करताना थोडी काळजी घ्या. गाजर गवत देखाव्यात वापरू नका, त्याची फुलं छान दिसली तरी अंगाला खाज सुटते, दमाही उठतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पुतळ्यांना गुंजांचे डोळे लावायची हौस असते, पण गुंज विषारी आहे, लहान लेकरू चावेल अशा जागी ती ठेवू नका. ओढ्याचा लव्हाळा मुळासकट उपटू नका, वरून कापा, म्हणजे पुढच्या साली परत फुटेल. वाळल्या काड्यांजवळ पणती ठेवताना मधे अंतर राखा.

मायबहिणींनो, ताजमहाल दगडाचा होता म्हणून टिकला. गवळणी शेणाच्या होत्या, म्हणून त्या दरवर्षी नव्यानं करायला लागल्या. नव्यानं करायला लागल्या म्हणून आईनं लेकीला शिकवल्या आणि सासूनं सुनेला. त्यांचं टिकणं शिकवण्यावर आहे. आणि शिकवायचं तर धुऱ्यावर झाड पाहिजे.

येत्या दिवाळीला पहाटे लवकर उठा. एखाद्या नातीला, पुतणीला, शेजारच्या पोरीला बरोबर घ्या आणि धुऱ्यावर जा. आघाडा हाताला लावून दाखवा, त्याचं बी ओढणीला कसं चिकटतं ते दाखवा. तरवड दाखवा. एक धसकट उलटं धरून तिला विचारा, हे काय दिसतंय? ती झाड म्हणाली की तिच्या हातात शेणाचा गोळा द्या.

तुमच्या अंगणात यंदा कोणती झाडं उभी राहिली ते वहीत लिहा आणि गटाच्या बैठकीत वाचा. आम्हीही आमची वही घेऊन येऊ. रामराम.